कार्लटन टॅव्हर्न: पाडलेल्या पबची मोजमापं

वास्तुजतनाच्या तासाला हे प्रकरण काढलं की पहिली पाच मिनिटं वर्गात हसू पसरलेलं असतं. सर आज पब शिकवणार! आपल्याकडे पब म्हटलं की काळोखी खोली, कानठळ्या बसवणारा डीजे आणि दारातले बाउन्सर डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमधलं जुनं पब्लिक हाऊस खरं तर इराण्याच्या हॉटेलाच्या जास्त जवळचं. कोपऱ्यावरची जागा, ठरलेली टेबलं, ठरलेली माणसं, आणि गल्ल्यावरच्या माणसाला प्रत्येकाची सवय तोंडपाठ. चहाच्या जागी बिअर, आणि इमारतीची मालकी बहुतेक वेळा ती बिअर बनवणाऱ्या कंपनीची, एवढाच काय तो फरक.

हसू ओसरलं की मी तारखा सांगायला लागतो.

6 एप्रिल 2015, ईस्टरचा सोमवार, म्हणजे लंडनमध्ये सुट्टी. वायव्य लंडनच्या किलबर्न भागात कार्लटन व्हेल नावाच्या रस्त्यावर कार्लटन टॅव्हर्न हा पब होता. तो चालवणाऱ्या बाईंना मालक कंपनीकडून निरोप आला, की आज पब बंद ठेवा, सामानाची मोजदाद करायची आहे. त्यांनी बंद ठेवला. 8 एप्रिलला, बुधवारी, त्याच इमारतीवर पाडकामाचं यंत्र चालत होतं. परवानगी घेतलेली नव्हती. आतलं सामानसुमान राडारोड्याखाली गेलं, आणि रस्त्यावर माणसं बघत उभी राहिली.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट घडायची होती. इंग्लंडमधल्या वारसा इमारतींची सरकारी यादी सांभाळणारी संस्था या पबला दुसऱ्या श्रेणीत घेण्याची शिफारस करणार होती. पाडकाम झालं ते तिच्या दोन दिवस आधी.

मालकांचं गणित न कळण्याजोगं नव्हतं. पब पाडून तिथे दहा फ्लॅटची इमारत बांधायचा त्यांचा प्रस्ताव वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं, म्हणजे त्या भागाच्या पालिकेनं, जानेवारीत फेटाळला होता. इमारत यादीत गेली असती तर पुढची सगळीच वाट बंद. यादीतली इमारत परवानगीशिवाय पाडणं हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. यादीत नसलेली पाडली तर मात्र नियोजनाच्या नियमांचा भंग, गुन्हा नाही. जागा एकदा मोकळी झाली की झालं गेलं गंगेला मिळालं. थोडी बोलणी खाऊ, दंड भरू, आणि मग नव्या इमारतीची बोलणी करू. हा हिशेब लंडनचाच असं कुणी समजू नये. पुण्यामुंबईच्या कुठल्याही पेठेत, वाडीत तो लोकांना पाठ आहे.

या प्रकरणात तो चुकला. का चुकला, हे कळायला आधी इमारत बघावी लागते.

इमारत

कार्लटन टॅव्हर्न 1920-21 मध्ये बांधला गेला. बांधून घेतला चॅरिंग्टन या पूर्व लंडनमधल्या जुन्या बिअर कंपनीनं. वास्तुविशारद फ्रँक पॉटर. त्याच जागेवर आधीही एक पब होता. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, 1918 मध्ये, जर्मन हवाई हल्ल्यात तो गेला. मग हा आला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लंडनवर महिनोन्‌महिने बॉम्ब पडले, आजूबाजूचा रस्ता उद्ध्वस्त झाला, हा मात्र जागचा हलला नाही. त्या रस्त्यावर बॉम्बहल्ल्यांतून वाचलेली हीच एक जुनी इमारत, असं आसपासचे लोक सांगत. एवढं सगळं सोसून ती शेवटी पडली ती शांततेच्या काळात, कामाच्या दिवशी.

बांधकामाचं साल इथे महत्त्वाचं आहे. युद्ध नुकतंच संपलं होतं. सैनिक घरी परतत होते, घरांची टंचाई होती, वीट आणि मजूर आधी घरांकडे जावेत अशी सरकारची धडपड चालली होती. अशा दिवसांत नवा पब उभा राहणं हीच दुर्मीळ गोष्ट. शिवाय इंग्लिश पबच्या रचनेतलं एक मोठं वळण नेमकं याच सुमाराला पडतं.

व्हिक्टोरियन पब म्हणजे खणांचं कपाट. मध्ये गल्ला, त्याच्याभोवती लाकडी पार्टिशन घालून पाडलेल्या लहान लहान खोल्या, आणि बहुतेक प्रत्येक खोलीला रस्त्यावरून वेगळं दार. पब्लिक बारमध्ये कष्टकरी माणूस: फरशी उघडी, बाक लाकडाचे. शेजारच्या सलून बारमध्ये कारकून, दुकानदार: पायाखाली गालिचा, बसायला गादी, आणि त्याच पिंपातल्या त्याच बिअरला चार पैसे जास्त. एका कोपऱ्यात भांडं घेऊन येऊन घरी बिअर नेणाऱ्यांसाठी खिडकी. काही पबांमध्ये गल्ल्यावर डोळ्यांच्या उंचीला नक्षीदार काचेच्या फिरत्या झडपा असत, का, तर सलूनमधल्या साहेबाला गल्ल्यावरच्या पोराची नजर नको. आपल्या इराण्याकडची 'फॅमिली रूम' आठवा आणि तिला वर्गभेदाच्या चार कप्प्यांत कापा, साधारण तसा नकाशा तयार होतो.

महायुद्धात सरकारला वाटू लागलं, की दारूगोळ्याच्या कारखान्यातला कामगार पिऊन कामावर येतो. पबच्या वेळा कापल्या. 1916 मध्ये तर उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल आणि आसपासच्या भागातले पब आणि बिअरचे कारखाने सरकारनं स्वतःच ताब्यात घेतले, कारण जवळ ग्रेटनाला प्रचंड मोठा दारूगोळा कारखाना होता. तिथून 'सुधारलेला पब' ही कल्पना पसरली: पार्टिशन कमी, उजेड जास्त, बसायला खुर्च्या, खायला काहीतरी, बायकांनाही यावंसं वाटेल असं वातावरण. उभ्याउभ्या ढोसून निघून जायची जागा मोडून बसायची जागा करायची. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत बिअर कंपन्यांनी असे पब शेकड्यांनी बांधले. कार्लटन टॅव्हर्न या लाटेच्या अगदी सुरुवातीचा.

ताजमहाल नव्हे, हे कबूल. विटांची इमारत, बाहेरून चकाकी दिलेल्या भाजक्या मातीच्या टाइल्स, आणि पाट्यांची अक्षरं रंगवलेली नसून त्या टाइलकामातच बसवलेली. वारसातज्ज्ञांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं: हे बाहेरचं टाइलकाम, आणि जवळजवळ जशाच्या तशा उरलेल्या आतल्या खोल्या. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. या काळातले पब उभे आहेत पुष्कळ, पण आतून बहुतेकांचं सपाटीकरण झालेलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात भिंती काढून एकच मोठा हॉल करायची साथच आली होती. कार्लटनला ती लागली नाही. भाग फारसा श्रीमंत नसणं हे जतनाला कधीकधी असं उपयोगी पडतं. नूतनीकरणाला पैसा नसतो, म्हणून जुनं टिकतं.

कायद्यातली फट

विद्यार्थी हमखास विचारतात, की सर, यादीत जाणार हे मालकाला आधी कळलंच कसं?

कळवलंच जातं. इंग्लंडच्या पद्धतीत एखादी इमारत यादीसाठी तपासायला घेतली की मालकाला तसं पत्र जातं, त्याचं म्हणणं विचारलं जातं. न्यायाच्या दृष्टीनं हे योग्यच आहे. उद्या तुमच्या घरावर बंधन येणार असेल तर तुम्हाला आज कळायला हवं. पण पत्र पोचल्यापासून निर्णय होईपर्यंत इमारत उघडी असते. त्या दिवसांत तिच्यावर यादीचं संरक्षण नसतं, आणि घाई का करायची हे मालकाला माहीत झालेलं असतं. स्थानिक कौन्सिलला तातडीची नोटीस काढून सहा महिन्यांपुरतं संरक्षण देता येतं. पण ती सोय कौन्सिलला आधी वास लागला तरच उपयोगाची. वेल्सनं 2016 च्या कायद्यानं ही फट बुजवली: मालकाला पत्र गेलं की त्याच दिवसापासून तात्पुरतं संरक्षण लागू. कार्लटनच्या वेळी इंग्लंडमध्ये तसं काही नव्हतं.

इथे कार्लटनच्या शेजाऱ्यांनी दाखवलेली हुशारी मला फार आवडते. असं काहीतरी होईल ही शंका त्यांना आधीपासून होती. म्हणून तर त्यांनीच वारसासंस्थेला इमारत बघायला बोलावलं होतं. संस्थेच्या माणसांनी येऊन नुसते फोटो काढले नाहीत. टाइल्सचे प्लास्टरचे साचे घेतले आणि इमारतीची बारकाईनं नोंद केली. इमारत पडायच्या आधी तिचं माप कागदावर आणि प्लास्टरमध्ये उतरलेलं होतं.

या नोंदीचं वजन किती, हे पुढच्या पावलावर कळलं.

नोटीस

वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं मालकांना नोटीस दिली: पाडलात तसाच परत बांधा. वृत्तपत्रांना हे 'वीट न्‌ वीट परत रचा' असं गमतीदार वाटलं, आणि बातमी जगभर गेली. पण त्यामागचं कलम गमतीचं नाही. इंग्लंडच्या 1990 च्या नगरनियोजन कायद्यात कलम 173 आहे. त्यात म्हटलंय, की नियमभंग इमारत पाडण्याचा असेल, तर नोटिशीत तिच्या जागी नवी इमारत बांधायला सांगता येतं, आणि ती पाडलेल्या इमारतीशी शक्य तितकी मिळतीजुळती हवी. नोटीस पाळली नाही तर तो मात्र गुन्हा.

'शक्य तितकी' या दोन शब्दांवर मी वर्गात बराच वेळ घालवतो. किती शक्य आहे, हे ठरवणार कोण? मालक म्हणू शकतो, की साहेब, आमच्याकडे नकाशे नाहीत, जुन्या टाइल्स कुठे मिळत नाहीत, तेव्हा साधारण तशी दिसणारी भिंत बांधून देतो. पुरावा नसेल तर अधिकाऱ्याला मान डोलवावी लागते. इथे टाइलचे साचे होते, आतले फोटो होते, मापं होती. 'जमणार नाही' म्हणायला जागाच उरली नव्हती. मालकांनी अपील केलं, 2016 मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि अपील फेटाळलं गेलं.

पुन्हा बांधताना

माती भाजली की आकसते. हे कुंभाराला सांगावं लागत नाही, आर्किटेक्टला लागतं. ओली टाइल वाळताना आणि भट्टीत मिळून साधारण बारा भागांत एक भाग, कधी दहांत एक, इतकी लहान होते. आता जुन्या टाइलवरून थेट साचा घेतला आणि त्यात नवी माती भरली, तर भट्टीतून निघणारी टाइल जुनीपेक्षा तेवढ्यानं लहान. एका टाइलमध्ये फरक बोटभर. पण ओळीनं चाळीस टाइल्स लावल्या की पाटीवरची अक्षरं भिंतीच्या मध्येच संपतात. म्हणून जुन्या टाइलचा साचा हा अंतिम साचा होऊ शकत नाही. त्यावरून आधी आकसणं धरून मोठा नमुना घडवायचा, त्याचा नवा साचा, मग भट्टी. चकाकीचा रंग तर भट्टीच्या आतल्या हवेवरही ठरतो. एका घाण्यातली टाइल दुसऱ्या घाण्यातल्या टाइलच्या शेजारी लावून बघितल्याशिवाय गवंड्याच्या हातात द्यायची नसते.

विटेचंही तसंच. लंडनच्या जुन्या बांधकामात साधारणपणे विटांचे चार थर, मधल्या दर्जांसकट (दर्जा म्हणजे दोन विटांमधला चुन्या-सिमेंटचा सांधा), म्हणजे एक फूट, 305 मिलिमीटर. सत्तरच्या दशकात वीट मेट्रिक झाली. आजची वीट 65 मिलिमीटर उंच, वर 10 मिलिमीटरचा दर्जा. चार थरांचे बरोबर 300. पाच मिलिमीटरनं काय होतंय, असं वाटतं. ऐंशी थर चढवा, भिंत दहा सेंटिमीटरनं बुटकी होते, आणि जुन्या फोटोत खिडकीची कमान ज्या थरावर टेकलेली आहे तो थर आता दुसरीकडेच असतो. मग एक तर जुन्या मापाची वीट मुद्दाम पाडून घ्यावी लागते, नाही तर दर्जे जाड करावे लागतात. जाड दर्जा दुरूनही चुगली करतो.

हे हिशेब कुठल्याही हुबेहूब बांधकामाला लागू आहेत, आणि याच कारणानं अशा नोटिशीचा खर्च दंडाच्या कितीतरी पुढे जातो. कायद्याचा खरा दात इथे आहे, असं माझं मत. दंड हा धंद्याच्या खर्चात धरता येतो. पाडलेलीच वस्तू स्वतःच्या पैशानं, दुप्पट मेहनतीनं, पूर्वीच्याच वापरासाठी परत उभी करणं धरता येत नाही. त्यात नफ्याचा खणच राहत नाही.

पण हा तोच पब का?

हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला नाही तर मी विचारतो. इंग्लंडमध्येच, 1877 मध्ये, कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस आणि त्याच्या मित्रांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं साधारण असं: जुन्या इमारतीची डागडुजी करा, तिला टेकू द्या, पण गेलेलं 'पुन्हा घडवू' नका, कारण जुन्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, आणाल ते खोटं. या शिकवणीत वाढलेल्या माणसाला कार्लटनची नवी भिंत म्हणजे नाटकातला पडदा वाटणार. खरी वीट 8 एप्रिलला गेली, ती गेलीच.

माझी स्वतःची भूमिका इथे थोडी डळमळते, हे कबूल करतो. पुण्यातल्या वाड्यांची मोजमापं घेत मी पंधरा-वीस वर्षं हिंडलोय. मोजलेल्या वाड्यांपैकी बरेच आज नाहीत. माझ्या कपाटात त्यांच्या चौकांची, सोप्यांची, खांबांच्या तळखड्यांची मापं आहेत. ती मापं घेऊन कुणी उद्या वाडा 'जसाच्या तसा' बांधायला निघाला तर मला आनंद होईल की राग येईल, सांगता येत नाही. सागवानी तुळईवरचे शंभर वर्षांच्या धुराचे थर कुठून आणणार?

पण पब हा वाड्यासारखा नसतो. तिथे जुनी वीट बघायला कुणी येत नाही. लोक येतात ते त्या कोपऱ्यावर, त्या खिडकीजवळ, ओळखीच्या माणसाशेजारी बसायला. कार्लटनच्या नोटिशीत राखलं गेलं ते मुख्यतः वापराचं ठिकाण. विटेचं म्हातारपण तिला परत देता आलं नाही, आणि तिनं तसा दावाही केला नाही. मॉरिसचा आक्षेप इमारतीपुरता बरोबर आहे. रस्त्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीनं मला तो अपुरा वाटतो. वर्गातली निम्मी मुलं दरवर्षी याच्या विरुद्ध बोलतात, आणि तो तास त्यामुळेच रंगतो.

आणखी एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पुन्हा बांधायची सक्ती झाली कारण शेजारी जागे होते, वारसासंस्थेची माणसं वेळेत आली होती, आणि कौन्सिल मागे हटली नाही. या तिन्हींतलं एक नसतं तर? ज्या वस्तीत पत्र लिहायला कुणी नाही, तिथला पब नुसताच जातो.

पडसाद

2015 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे कार्लटन पडल्यावर चार महिन्यांनी, दोन युद्धांमधल्या काळातले 21 पब एकदम वारसायादीत घेतले गेले. ते काम आधीपासून चालू होतं, पण त्यानंतर कुणाला 'एवढ्या नव्या पबचं कसलं आलंय कौतुक' म्हणायचा धीर झाला नाही. मे 2017 पासून इंग्लंडमध्ये कुठलाही पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला रीतसर नियोजन-परवानगी लागते. यादीत असो वा नसो.

आणि तरी 2023 च्या ऑगस्टमध्ये स्टॅफर्डशरमधला 'क्रुकेड हाऊस' गेला. खाली कोळशाच्या खाणी असल्यामुळे एका बाजूला खचलेली ही 1765 ची इमारत. आत टेबलावरची गोटी चढावर गेल्यासारखी दिसायची म्हणून लोक लांबून येत. 5 तारखेला आग लागली, 7 तारखेला उरलेली इमारत पाडली गेली. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या कौन्सिलनं ती तीन वर्षांत परत बांधायची नोटीस काढली, आणि वर्तमानपत्रांनी लगेच कार्लटनचा दाखला दिला. खचलेली, वाकडी इमारत 'शक्य तितकी तशीच' बांधायची म्हणजे ती मुद्दाम वाकडी बांधायची का, हा प्रश्न मी पुढच्या परीक्षेसाठी राखून ठेवलाय.

कार्लटन टॅव्हर्न एप्रिल 2021 मध्ये उघडला. टाइल्स जागेवर, खोल्या जागेवर. पण कोविडची टाळेबंदी नुकती सैल होत होती, आणि 12 एप्रिलपासून इंग्लंडमध्ये पबला मुभा होती ती फक्त बाहेर, उघड्यावर बसवायची. सहा वर्षं भांडून मिळवलेल्या त्या आतल्या खोल्यांत ग्लास घेऊन बसायला शेजाऱ्यांना 17 मेपर्यंत थांबावं लागलं. तोवर एप्रिलच्या थंडीत, कोट घालून, ते भिंतीबाहेरच बसत होते.